किल्ली नसल्याचा पुरावा

मी श्रीरामपूरच्या एका कॉलेजात बीसीएच्या मुलांना शिकवते. राहायला बेलापूरला, रोज स्कूटीनं येते-जाते. नवरा नगरच्या एमआयडीसीत, सुट्टीला घरी येतो. एरवी घरात मी आणि सासूबाई. हे आधीच सांगते, कारण पुढे जी दोन माणसं माझ्या घरात आली, त्यांना हे सगळं आधीच माहीत होतं.

अभ्यासक्रमात ब्लॉकचेन आलं तेव्हा मुलांना ते नुसतं पुस्तकातून कळेना. म्हणून एका तासाला मी प्रोजेक्टरवर थेट वेबसाइटच उघडली. बिटकॉइनचे सगळे व्यवहार तिथे कुणालाही बघता येतात. नाव कुणाचंच नसतं, फक्त अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ. तिला पत्ता म्हणायचं. मोठ्या रकमांच्या पत्त्यांची यादीही मिळते. त्यातला एक मी उचलला, परदेशातल्या एका बिटकॉइनची खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीचा, आणि शोधायच्या चौकटीत टाकला. शिल्लक पडद्यावर आली. रुपयांत किती होतात ते एका मुलीनं मोबाईलवर करून सांगितलं, आणि वर्गात शिट्ट्या वाजल्या.

"मॅडम, तुमचंच ना हे?" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

"हो, माझंच. उद्यापासून मी येत नाही," मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसले.

कुणीतरी तेवढ्याच तुकड्याचा मोबाईलवर व्हिडिओ घेतला होता. दुसऱ्या दिवशी तो स्टेटसला लागला, मग गावागावांतल्या ग्रुपवर फिरला. 'बेलापूरच्या मॅडमचं वॉलेट.' आधी मला त्याची गंमतच वाटली. भाजीवाली म्हणाली, "मॅडम, तुमी कशाला आता कोथिंबिरीला घासाघीस करता?" मग अनोळखी नंबरवरून फोन यायला लागले. कुणी डबल करून देतो म्हणे, कुणी देवळाच्या कामाला देणगी मागे. एक जण काहीच बोलायचा नाही. नुसता श्वास ऐकू यायचा. मी अनोळखी फोन घेणं बंद केलं आणि नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. त्याला तिकडे उगाच घोर लागला असता.

त्या दिवशी कॉलेजातून आले तर दारात पांढरी गाडी उभी. आत सोफ्यावर दोन माणसं, समोर रिकामे कप. सासूबाई त्यांच्याशी मजेत गप्पा मारत होत्या.

"अगं, तुझ्याकडं क्लासची चौकशी करायला आलेत," त्या म्हणाल्या.

दोघांतला दाढीवाला उठून उभा राहिला, हात जोडले. "नमस्कार ताई. आमाला ते ब्लॉकचेन शिकायचं हाय." दुसरा उठला नाही. तो माझ्या लॅपटॉपच्या बॅगेकडे बघत होता.

"मी घरी क्लास घेत नाही," मी म्हटलं.

"येकच दिवस. बसा की."

स्वतःच्या घरात मला बसायला सांगितलं गेलं आणि मी बसले. सासूबाई आणखी चहा टाकायला आत गेल्या. त्या जाताच दाढीवाल्यानं मोबाईल काढून तो तुकडा लावला. माझाच आवाज माझ्या खोलीत आला. हो, माझंच.

"ती चेष्टा होती," मी म्हटलं. "मुलं चेष्टा करतात, मीही केली."

"आसंल. पण आकडा तर खराय ना?"

"आकडा खरा आहे. पैसे माझे नाहीत."

"मग कुनाचे?"

एका परदेशी कंपनीचे, असं म्हणून मी सांगायला लागले. जीव घाबरला की मी शिकवते तशी बोलते, हे मला तेव्हा कळलं. म्हटलं, ब्लॉकचेन म्हणजे एक वही समजा, पण ती एका सावकाराच्या कपाटात नसते, जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर तिची तीच प्रत असते. दर थोड्या वेळानं नव्या व्यवहारांचं एक पान जोडलं जातं. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो, त्यामुळे मागचं एक अक्षर बदललं तरी पुढची सगळी पानं चुकतात आणि बाकीचे लगेच ओळखतात. वही सगळ्यांना वाचता येते. पैसे हलवायला मात्र गुप्त किल्ली लागते, तोही एक लांबलचक आकडाच. ज्याच्याकडे किल्ली, त्याचे पैसे.

"झ्याक सांगता," दाढीवाला म्हणाला. "मग किल्ली तुमच्याकडं न्हाई म्हनता?"

"नाही."

"दाखवा मग."

"काय दाखवू?"

"किल्ली न्हाई ते."

आणि इथे मी अडकले. किल्ली आहे हे सिद्ध करता येतं. त्या किल्लीनं एक सही केली की जगातला कुणीही ती तपासू शकतो. पण किल्ली नाही, हे सिद्ध करायचा मार्ग या सगळ्या तंत्रात कुठेच नाही. मी पर्स उपडी केली असती, लॅपटॉप दिला असता, ते म्हणाले असते, पाठ केली असेल. मुलांना मीच शिकवलं होतं की काही लोक ती पाठ करून ठेवतात.

मग आतापर्यंत न बोललेला दुसरा माणूस बोलला. अगदी हळू.

"तुमी कालव्याच्या कडंनं येता ना रोज? तिथं ऊस लई वाढलाय आता. मानूस दिसत न्हाई."

आत सासूबाई साखरेची नवी पिशवी कुठे ठेवलीस म्हणून विचारत होत्या. पदराचं टोक मी बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. वाटलं, ओरडावं, पण ओरडले तर सासूबाई बाहेर येतील, आणि मग काय होईल ते मला बघायचं नव्हतं.

"तुमचा मोबाईल द्या," मी दाढीवाल्याला म्हटलं. "नाहीतर तुम्हीच उघडा. मी सांगते तसं."

त्यानं वेबसाइट उघडली. त्या व्हिडिओतला पत्ता मी माझ्या नोट्समधून त्याला पाठवला. त्यानं तो टाकला, आणि त्याच्या मोबाईलवर तीच शिल्लक आली.

"दिसली?"

"व्हय."

"तुमच्या मोबाईलवर दिसली, म्हणून ती तुमची झाली का?"

मी माझ्या मोबाईलवरही तेच पान उघडलं, तो त्याच्या मोबाईलशेजारी टीपॉयवर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. "आता थांबा. कशाला हात लावू नका." तो मोठ्या कंपनीचा पत्ता, त्यातून लोक सारखे पैसे काढत असतात. तरी त्या क्षणी काहीच हलेना. त्या शांततेत मी मनातल्या मनात परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाच्या विनवण्या करत होते, काढ रे बाबा, थोडे तरी काढ. मग माझ्या मोबाईलवर व्यवहारांच्या यादीत सगळ्यात वर नवी ओळ आली, पैसे बाहेर गेल्याची. त्यानं त्याच्याकडचं पान पुन्हा उघडलं. तिथेही तीच. थोड्या वेळानं आणखी एक.

"हे मी केलं?" मी विचारलं.

दाढीवाला हसला. मोकळं हसला. "न्हाई. तुमी तर घाबरून बसलाय."

दुसरा हसला नाही. "आपोआप बी व्हत आसंल," तो म्हणाला.

"चल रं," दाढीवाला उठला. सासूबाई चहा घेऊन आल्या, तर त्यानं उभ्यानंच कप रिकामा केला, त्यांच्या पाया पडला. गाडीचा आवाज गेल्यावर मी दार लावलं, कडी घातली आणि तिथेच खाली बसले. सासूबाईंना वाटलं मला भोवळ आली.

मग मात्र नवऱ्याला सगळं सांगितलं. तो रडवेला होऊन तसाच निघून आला. आम्ही पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदारांनी नीट ऐकून घेतलं. "धमकी काय दिली?" त्यांनी विचारलं.

"ऊस वाढलाय म्हणाले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "समजलं. पण कागदावर हे मी कसं लिहू, तुम्हीच सांगा." तरी त्यांनी लिहून घेतलं, आणि पुढे बरेच दिवस संध्याकाळी त्यांची मोटारसायकल आमच्या गल्लीतून एक फेरी मारून जायची. मुलांनी तो तुकडा काढून टाकला, माफी मागितली. पण तो किती मोबाईलवर शिल्लक असेल कुणास ठाऊक. मी कालव्याचा रस्ता सोडला आणि एसटी स्टँडकडून जायला लागले. आमच्या घरात आता दिवसाही दाराला कडी असते.

पुढे उसाचा हंगाम सुरू झाल्यावर मी श्रीरामपूरच्या बाजारात मेथी घेत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "नमस्कार ताई." तोच दाढीवाला. बरोबर त्याची बायको, हातात पिशव्या. "ह्या त्या मॅडम," तो बायकोला कौतुकानं म्हणाला, "लई हुशार. आमाला समदं शिकवलं यांनी." ती बिचारी हसून वाकली. मीही हसले, हात जोडले, शिकवणं कसं चाललंय ते त्यानं विचारलं, मी बरं म्हटलं.

ते गर्दीत दिसेनासे झाल्यावर बघितलं तर मेथीची जुडी खाली पडली होती. स्कूटीपर्यंत चालत जायचं, किल्ली लावायची, एकटीनं निघायचं, हे मला जमेना. मी समोरची रिक्षा थांबवली आणि घरी आले. स्कूटी तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या भाच्यानं जाऊन आणली.