रोमचे तीन दिवस

कारखान्यानं मला चार महिन्यांच्या शिक्षणासाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्यांत राहत होतो. विमान रोमवरून जाणार होतं. त्याच तिकिटावर तिथं तीन दिवस उतरता येतं असं कळलं आणि मला दुसरं काही सुचेना. कॉलेजच्या ग्रंथालयातून युद्धापूर्वीचं एक प्रवासाचं पुस्तक मिळवलं. ड्रॉइंग ऑफिसातल्या ट्रेसिंग पेपरवर रोमचा नकाशा उतरवला, मागच्या पानावरचा इटलीचाही. पहिल्या दिवशी ते जुनं गोल प्रेक्षागार, दुसऱ्या दिवशी पोपांचं चर्च, तिसऱ्या दिवशी नुसतं पायी भटकायचं. कोणत्या वारी काय बंद असतं तेही लिहून ठेवलं.

इटलीच्या नकाशावर एका गावाचं नाव माझ्या पेन्सिलीखाली आलं. ते मी उतरवलं नाही.

पासपोर्टच्या चौकशीसाठी साताऱ्याला गेलो, तसाच पुढं मेढ्याजवळच्या आमच्या गावी, काकीला सांगायला. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. काका दुसऱ्या महायुद्धात इटलीला लढायला गेले ते परत आले नाहीत. ते गेल्याची तार आली, पण काकीनं त्यांचे दिवस घालू दिले नाहीत. "कुनी बघितलंय?" एवढंच म्हणायची. दर महिन्याला साताऱ्यात विधवा म्हणून पेन्शनच्या कागदावर अंगठा उठवायची आणि घरी येऊन, तोंड धुऊन, कुंकू लावायची. गावानं आधी नावं ठेवली, मग नाद सोडला.

ओसरीवर शेजारचे सुभेदार येऊन बसले. तेही त्याच लढाईतले.

"रोमात पानी मागितलंस तर दारू आनून ठेवत्यात गड्या. संभाळून."

"मग तुमी काय केलं तवा?" काकीनं विचारलं.

"तान लागल्याली. काय करतो?"

आम्ही हसत होतो तेवढ्यात काकी आत जाऊन ट्रंकेतलं सरकारी पत्र घेऊन आली. काकांचं नाव तिकडं एका गावात दगडावर कोरलं आहे, असं त्यात होतं. शाळेत असताना मीच ते तिला वाचून दाखवलं होतं.

"ह्ये गाव तुज्या वाटंवर हाय का रं? डोळ्यानं नाव बघून ये. तू बघितलं म्हनलास की मी कपाळ पुसीन. लय वरसं झाली."

रोमहून ते गाव रेल्वेनं सहा तासांवर होतं. जाऊन यायला दोन दिवस पुरेसे होते, आणि माझ्याकडं तीन होते.

"न्हाई काकी," मी म्हणालो. "त्ये पार दुसऱ्या टोकाला हाय. तितं जायाला येगळी परवानगी लागती."

हे मी तिच्याकडं बघून बोललो नाही. सुभेदारांकडं बघून बोललो. ते उठून चपला शोधायला लागले. काकीनं पत्र घडीवर घडी घालून परत आत नेलं.

मी सुभेदारांना पोचवायला अंगणात गेलो, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "एका दिसाची वाट हाय रं ती. मी ट्रकनं गेलोय. सांगू का तिला?"

"नका सांगू."

तिचं कुंकू माझ्या तोंडून पुसलं जाऊ नये म्हणून मी खोटं बोललो, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती खोटी होती. मला माझे दिवस मोडायचे नव्हते.

सकाळी काकी एसटीपर्यंत आली. गाडी दिसल्यावर म्हणाली, "न्हाई म्हनलास त्ये ब्येस झालं. इचारलं खरं, पर व्हय म्हनतोस का काय म्हनून भ्या वाटलं हुतं."

मला एकदम हलकं वाटलं. त्या हलकेपणाची लाज आज वाटते. सुभेदारांच्या आणि तिच्या घराला एकच भिंत; रात्री त्यांनी तिला सांगितलंही असेल. ती स्वतःच्या मनातलं बोलली, की सगळं कळल्यावर मला मोकळं करण्यासाठी बोलली, हे विचारायला गाडी सुटेपर्यंत बराच वेळ होता. मी तिनं दिलेलं तांदळाचं पोतं टपावर नीट बांधलं का ते बघत राहिलो.

सांगलीत उतरून थेट कारखान्यात गेलो. कारकून माझ्या तिकिटासाठी मुंबईला ट्रंक कॉल लावून बसला होता.

"रोमचे तीन दिवस तसेच ठेवायचे ना? अजून बदल करता येईल," तो म्हणाला.

"तसेच ठेवा," मी म्हणालो.