बाटली मसाल्याच्या बरणीतलं प्लायवूड

आमच्या गावठाणात कार्मेनला चूक दाखवायची असेल तर घरून जेवून निघावं. वाद लवकर संपत नाही. शाळेत हस्तकला शिकवून ती निवृत्त झाली. तेव्हापासून बोरिवलीतल्या आमच्या अर्ध्या आळीच्या खुर्च्या तिनेच दुरुस्त केल्या, नाताळचे गोठे तिनेच बांधले. सगळं ओट्यावर मांडी घालून. गेल्या वर्षी गुडघे बोलायला लागले आणि तिने ठरवलं, आता घरात सुतारकामाचं टेबल हवं.

घर म्हणजे खाली एकच खोली. टेबल बसणार ते तिच्या नवऱ्याच्या, क्लिफर्डच्या पलंगाच्या पायथ्याशी, आणि क्लिफर्डला दमा. डॉक्टरांनी बजावलं होतं की प्लायवूडच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू महिनोन्‌महिने निघत राहतो, तो या छातीला चालायचा नाही. क्लिफर्डची बहीण जोॲन मढला राहते. तिने तर सरळच सांगितलं, "त्रास झाला तर माझ्या भावाला मी घेऊन जाणार. कायमचा."

नवरा की टेबल, हा प्रश्नच कार्मेनला मान्य नव्हता. तिला दोन्ही हवं होतं.

दुकानातून तिने तीन प्रकारच्या प्लायचे तुकडे आणले. तीन बरण्यांत घातले, झाकणं घट्ट लावली आणि बरण्या उन्हात ठेवल्या. "गोंदाचा वास आला की ते लाकूड बाद," ती मला म्हणाली. "नाक हाय ना मना!" संध्याकाळी एकेक बरणी हुंगली. तिन्ही सारख्याच, गोंदाचा मागमूस नाही. मग महाग कशाला घ्यायचं? साधी प्लाय आली, टेबल झालं, दिसायलाही झकास.

दोन-तीन दिवसांत क्लिफर्ड भर दुपारी ओट्यावर येऊन बसला. खांदे वर-खाली करत श्वास ओढत होता. जोॲन आली ती कपडे भरायला रिकामी पिशवी घेऊनच.

त्या गडबडीत मी एक बरणी उघडून पाहिली आणि सटासट शिंकले. बाटली मसाला! आमचा मिरचीचा झणझणीत मसाला, दर मे महिन्यात कुटायचा आणि याच बरण्यांत भरायचा. घासून, उन्हात ठेवून तो जातोय थोडाच? त्या वासाला सरावलेल्या नाकाला त्याखालचा गोंद कुठून कळणार? "काय गो, परीक्षा लाकडाची घेतलीस की मिरचीची?" मी हसत सुटले. कार्मेन हसली नाही. ती क्लिफर्डचा दम्याचा पंप जोॲनच्या पिशवीत ठेवू लागली, तेव्हा माझंही हसू गेलं.

"हे नाकाचं काम नव्हतंच," ती एवढंच बोलली. कार्मेनच्या तोंडून हे म्हणजे माफीनामाच.

क्लिफर्ड जोॲनबरोबर मढला गेला आणि टेबलही त्याच दिवशी सुटं होऊन बाहेर गेलं. या वेळी तिने जुनी घरं पाडून निघालेलं सागवान शोधलं. अखंड लाकूड, त्यात गोंदाचा थरच नाही. जोड खुंट्यांचे. फक्त खालच्या फळीला प्लाय, तीही अगदी कमी वायू सोडणारी, 'ई-झिरो' शिक्का स्वतः पाहून घेतलेली, कापलेल्या कडा बंद केलेली. रंधा मारणं, तेल देणं सगळं मढला जोॲनच्या अंगणाच्या पार टोकाला, घरातल्या क्लिफर्डपासून लांब. तेल पुरतं सुकेपर्यंत टेबल तिथंच पडून. "भाऊ न्यायला गेले," जोॲन कुरकुरायची, "आणि वहिनी लाकडं घेऊन पाठोपाठ आली!"

टेबल आधी आलं, मग क्लिफर्ड. आठवडा गेला, दुसरा गेला, पंपाला हात लागला नाही. एका दुपारी मी गेले तर तो जेवून गाढ झोपला होता. कार्मेन मोडकी खुर्ची टेबलावर घेऊन, हातोडी उचलून नुसती उभी. कान त्याच्या श्वासाकडे. श्वास येत होता, जात होता, कुठे अडत नव्हता.

"आता नको ठोकू गो," मी कुजबुजले. "उठेल तो."

"उठू दे," डोळे पुसत कार्मेन म्हणाली. "इथंच उठंल ना."

आणि तिने खिळा ठोकला.