टेक्लाच्या आईची लाखबंद चिठ्ठी

टेक्लाला ब्याण्णव वर्षं झाली होती, आणि त्यातली निदान ऐंशी तिनं एकाच माणसावर रागावण्यात घालवली होती. ते माणूस कोण, हेच तिला ठाऊक नव्हतं. चर्चच्या जन्मनोंदवहीत तिच्या नावापुढं पाद्र्यानं सुंदर वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं: आई, अज्ञात.

त्या काळी स्वीडनमध्ये तसा कायदाच होता. लग्नाआधी दिवस गेलेल्या बाईनं परगावी जावं, नाव न सांगता बाळंत व्हावं आणि हात झटकून परत यावं. अब्रू वाचावी, पोर जिवंत राहावं, म्हणून केलेला कायदा. पोराच्या जिवाला पुढं काय वाटेल याचा विचार करायला कुणाला सवड होती?

टेक्लाची मुलगी गुनवोर टपाल खात्यातून निवृत्त झाली तेव्हा तिनं आईला शब्द दिला, "तुझ्या आईचं नाव मी शोधून काढते." आता आईची तब्येत तोळामासा झालेली. डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, हा हिवाळा काढला तर नशीब. टेक्लाला डॉक्टरचं काही पडलं नव्हतं. "नाव कळल्याशिवाय मी कुठंही जात नाही, त्याला सांग," ती म्हणायची. "बाईचं नाव घेऊन एकदा विचारणार आहे, कसं गं जमलं तुला? मग खुशाल डोळे मिटीन."

गावातल्या जुन्या दूधसंघाच्या माडीवर वंशावळ मंडळाची खोली होती. मंगळवारी आणि गुरुवारी उघडायची. जुन्या नोंदींच्या फिल्म वाचायची दोन यंत्रं, भिंतभर फायली, शेजारच्या खोलीत कॉफीचा थर्मास. नियम दोनच: टेबलावर पेन आणायचं नाही, फक्त पेन्सिल, आणि अकरा वाजता काम थांबवून दालचिनीचा पाव खायचा. हा दुसरा नियम अध्यक्ष राग्नवाल्डनं केलेला होता, आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. राग्नवाल्ड रेल्वेतून निवृत्त झालेला, गुनवोरच्या शाळेतलाच, तिच्या पुढच्या बाकावर बसणारा.

चार वर्षं गुनवोर त्या यंत्रापुढं बसली. टेक्ला जन्मली गोटेनबर्गमध्ये, १८९३ च्या एप्रिलात. म्हणून गुनवोरनं त्या शहरातल्या मोलकरणी, शिवणकाम करणाऱ्या, गिरणीत जाणाऱ्या, जेवढ्या म्हणून सापडल्या तेवढ्या सगळ्या पोरी वाचून काढल्या. कोण कधी आली, कधी गेली, कुठं आजारी पडली. डोळ्यांच्या खाचा झाल्या. स्वतःच्या गावच्या वहीकडं मात्र तिनं ढुंकून पाहिलं नाही. तिथं काय बघायचं? तिथलं सगळं माहीत होतं की! सव्वा वर्षाच्या टेक्लाला गावच्या शाळेच्या बाईंनी, आल्फ्रीडा सुंडेल यांनी, अनाथ म्हणून सांभाळायला आणलं. एकट्या बाई, बिनलग्नाच्या, पंचवीस-सव्विशीच्या, आणि एवढं मोठं मन. पाद्र्यानं त्यांचं नाव घेऊन प्रवचन दिलं होतं म्हणे. आमच्या मंडळातले सगळेच हे असे. आपल्या घरचं आपल्याला पाठ आहे म्हणून सोडायचं आणि परक्याच्या घरात दिवा घेऊन हिंडायचं.

एका गुरुवारी राग्नवाल्ड पाव चावता चावता सहज म्हणाला, "अगं, तुझ्या त्या अज्ञात आईची चिठ्ठी मागवलीस का कधी?"

"कसली चिठ्ठी?"

"अशा बाळंतिणीचं नाव कागदावर लिहून, लाख लावून बंद करून ठेवायचे काही ठिकाणी. पोरानं मागितलं तरच उघडायचं. प्रांताच्या दफ्तरखान्यातून याद्या आल्यात नव्या."

गुनवोरनं कप खाली आदळला. "आणि हे तू मला आज सांगतोस? चार वर्षं काय झोपा काढत होतास?"

"याद्या सोमवारी आल्या गं बाई! मला काय स्वप्न पडणार होतं?"

अर्जावर टेक्लाची सही लागली. वृद्धाश्रमाच्या खोलीत, उशीला टेकून, तिनं ती घासून घासून केली आणि कागद परत देताना म्हणाली, "टपालात हरवू नकोस. तुम्हा लोकांचा भरवसा नाही." चाळीस वर्षं टपालात घालवलेल्या लेकीला!

पाच आठवड्यांनी मंडळाच्या पत्त्यावर पाकीट आलं. चष्मा पुसायच्या नादात गुनवोरनं ते राग्नवाल्डकडं सरकवलं. "वाच तू. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

राग्नवाल्डनं वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"अरे बोल की!"

"आल्फ्रीडा सुंडेल," तो म्हणाला. "शिक्षिका. वय चोवीस."

"मूर्ख कुठले!" गुनवोर उसळली. "चुकीचा कागद पाठवलाय. ही तर सांभाळणारी. सांभाळणारीचं नाव आपल्याला ठाऊकच आहे. आईला जन्म देणारीचं हवंय मला. उद्याच फोन करते त्यांना, चांगली हजेरी घेते."

"गुनवोर, चिठ्ठी त्र्याण्णव सालच्या एप्रिलातली आहे. बाळ झालं त्या आठवड्यातली. सांभाळायला आणलं ते चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये."

तिनं कागद ओढून घेतला. लाखेचा डाग फोटोप्रतीत काळा उमटला होता. खाली सही होती. ती सही गुनवोरनं शंभरदा पाहिली होती. आईच्या शाळेच्या दाखल्यावर होती तीच.

राग्नवाल्ड उठला, शाळा समितीच्या इतिवृत्ताची वही काढून आणली, पानं उलटली आणि बोट ठेवलं. सुंडेल बाईंना छातीच्या विकारासाठी समुद्रकाठच्या हवेला जाण्यास रजा मंजूर. जानेवारी ते मे, १८९३.

गुनवोरनं ती तारीख बोट ठेवून पुन्हा वाचली. खाली दूधसंघाच्या जागेत आता रंगाचं दुकान होतं, तिथं कुणीतरी डबे रचत होतं, ते सगळं ऐकू येत होतं.

"बाई म्हणायची रे ती तिला," ती म्हणाली. "माझी आई. रोज सकाळी गुडघे वाकवून नमस्कार करायची आणि म्हणायची, सुप्रभात, बाई. जेवायला स्वयंपाकघरात उभी. बाई आत टेबलाशी. पंधराव्या वर्षी कामाला निघाली तेव्हा बाईंनी तिला स्तोत्रांचं पुस्तक दिलं आणि हात मिळवला. हात मिळवला रे! पोटच्या पोरीशी!"

"कळलं असतं तर नोकरी गेली असती. पोरीला घेऊन भीक मागायची वेळ आली असती."

"तू तिची वकिली करू नकोस!"

"करत नाही. बाईंना स्वतःच्या चुलत्याशी भांडून मिळालेली नोकरी होती ती, असं म्हातारी माणसं सांगायची. बाकी मला काय कळतंय." तो वहीवरून हात फिरवत राहिला. "टेक्लाला सांगू नकोस, गुनवोर. सापडला नाही कागद, असं सांग. जीव घेशील तिचा."

गुनवोरनं कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि सायकल हातात धरून चालत निघाली, कारण बसायचा धीर नव्हता. वाटेत तिनं ठरवलं की खोटं बोलायचं. दफ्तरखान्यात आग लागली होती म्हणायचं. मग ठरवलं की अर्धं सांगायचं: कुणीतरी शिवणकाम करणारी होती, कधीच वारली. नावही ठरवून ठेवलं. ते मनात तीन-चारदा घोकलंसुद्धा.

टेक्ला खिडकीशी बसली होती. बशीत ओतलेली कॉफी, दातांत साखरेचा खडा. लेकीच्या चेहऱ्याकडं पाहून तिनं खडा काढून बशीच्या कडेला ठेवला.

"आलं ना?"

"आई, असं आहे की..."

"नाव सांग. बाकी पाल्हाळ नंतर."

गुनवोरनं तोंड उघडलं. घोकलेलं नाव ओठांवर आलं. पण ब्याण्णव वर्षांची बाई तुमच्याकडं असं बघत असली, तर काय हिंमत होते खोटं बोलायची?

"सुंडेल बाई," ती म्हणाली.

"त्यांचं काय?"

"त्याच. त्याच होत्या, आई. गोटेनबर्गला जाऊन तुला जन्म दिला, परत आल्या, आणि वर्षानं तुला अनाथ म्हणून घरी आणलं."

टेक्लानं मान हलवली. हळूच, लहान मुलाला समजावावं तशी. "छे गं. त्या बाई होत्या."

गुनवोरनं कागद तिच्या मांडीवर ठेवला. टेक्लाला अक्षर दिसत नव्हतं. तिनं बोटानं लाखेच्या डागावरून चाचपलं, जणू तिथं काही उठाव लागेल. मग विचारलं, "सही आहे?"

"आहे."

"सुंडेलमधला एस काढताना वर गाठ मारलेली?"

"हो."

गुनवोरला वाटलं आता आई रडेल, आता शिव्या देईल, आता ते ऐंशी वर्षांचं 'कसं गं जमलं तुला' बाहेर येईल. तिनं परिचारिकेला बोलवायच्या घंटीच्या बटणाकडं हात नेऊन ठेवला होता. पण टेक्ला नुसती हिशेब करत असावी तशी भिंतीकडं बघत होती.

"चौदा वर्षं," ती म्हणाली. "एका भिंतीपलीकडं निजायच्या. खोकला आला की मी उठून पाणी द्यायची, दारातून. आत जायची परवानगी नव्हती." तिनं कागदावर तळवा ठेवला. "एकदा, एकदा तरी म्हणायचं होतं गं. दार लावून. कोण ऐकणार होतं?"

"हो, आई."

"मी सांगितलं नसतं कुणाला."

"माहीत आहे."

"मला गुपित राखता येतं. लहानपणापासून येतं." ती डोळे पुसायला विसरली होती, पाणी हनुवटीवरून गळत होतं. "मला त्यांच्या थडग्याशी घेऊन चल. आज नको, उद्या. उद्या सकाळी गाडी माग राग्नवाल्डकडून."

हे मात्र गुनवोरनं वाटेत ठरवलं नव्हतं. याचा तिला विचारच सुचला नव्हता.

"आई, ते थडगं आता नाही. वारस कुणी नव्हता ना नोंदीत. जागा परत घेतली. दुसऱ्याचा दगड आहे तिथं आता."

"कधी घेतली?"

"बावन्न-त्रेपन्न साल असेल. दफनभूमीचं कार्यालय आधी थडग्यावर पाटी लावतं, नातलग असल्यास कळवावं अशी. कुणी आलं नाही की मग..."

ती बोलता बोलता थांबली. टेक्लाचा हात कागदावरून उठून हवेतच राहिला होता. चेहऱ्यावरचं रक्त असं उतरलं होतं की गुनवोरनं बटण दाबलंच.

"मला माहीत आहे," टेक्ला म्हणाली. "तुझ्या वडिलांचं थडगं तीन ओळी पलीकडं होतं. मी रोज संध्याकाळी फुलांना पाणी घालायला जायची. उन्हाळाभर होती ती पाटी. मी वाचायची. वाचून वाटायचं, बिचाऱ्या बाई, एवढं शिकवलं गावाला आणि मागं कुणी नाही."

परिचारिका दारात आली. गुनवोरनं तिला हातानंच थांबवलं.

"ऑगस्टात वादळ झालं," टेक्ला म्हणाली. "पाटी कलली होती. मीच सरळ केली, गुनवोर. दगड घेऊन ठोकून घट्ट बसवली. नातलग आलेच तर त्यांना नीट वाचता यावी म्हणून."