म्होरक्याची माफी

मिलिंददादा कुठलाही कागद मागून उघडायचे. वर्तमानपत्र असो, प्रश्नपत्रिका असो, आधी शेवटचं पान. जपानी निन्जांच्या चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात आणि त्या वाचून वाचून त्यांच्या हाताला तेच वळण लागलं होतं. मुखेडच्या बसस्थानकासमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. नांदेडच्या रद्दीवाल्याकडून ते या चित्रकथांचे इंग्रजीतले भाग आणत आणि विहाराशेजारच्या आमच्या अभ्यासिकेत रविवारी दुपारी मुखेडच्या बोलीत सांगत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. इंग्रजी वाक्याची भीती माझ्या मनातून गेली ती त्या निन्जांमुळे.

प्रत्येक कथेत दादा एका जागी हमखास थांबत. गावाचा एक म्होरक्या, आणि त्याच्या बाजूने लढणारा एक भयंकर योद्धा. ताकद अशी, की तो भडकला म्हणजे आपला-परका पाहत नाही. आपलीच माणसं मारून बसलेला.

"दुश्मनाला कुणीबी वळखतंय," दादा म्हणायचे. "आपल्याच बाजूचा घातकी माणूस, त्याचं काय करायचं, हितं म्होरक्याची परीक्षा हाय. हाकलला तर दुश्मनाला मिळतो. ठेवला तर घरातच इस्तू पेटतो. बोला!"

"बांधून ठेवावं त्याला," किशोर म्हणायचा. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे धावायचा, दिवसभर वाचायचा.

"तुला शिपाई व्हायचंय, तू बांधणारच की बे," विलास हसायचा. "लढाईच्या टायमाला सोडायला कोण येणार, तुझा बाप?"

दादा नेहमी माफीच्या बाजूचे. "माफ केलेला माणूस दुप्पट जीव लावतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आमच्यातला तसा योद्धा म्हणजे विलासच. गावातल्या काही टग्यांना आमची खोली पत्त्यांच्या अड्ड्यासाठी हवी होती. ते कुलूप तोडायला आले तेव्हा विलास एकटा सायकलची चेन हाताला गुंडाळून दारात उभा राहिला. ते परत आले नाहीत. त्याच्यामुळेच आम्ही तिथे बसून शिकलो, हे मी नाकारणार नाही. पण पुढे एकदा किशोरने त्याला मोबाईलचा आवाज कमी करायला सांगितलं, म्हणून त्याने किशोरचं मनगट पिरगाळून मोडलं.

अभ्यासिकेची रीत अशी, की कुणाला काढायचं असेल तर सगळ्यांनी चिठ्ठ्या लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकायच्या. हजर असेल त्याचीच चिठ्ठी धरायची. विलाससाठी चिठ्ठ्या टाकल्या त्या रविवारी किशोर नांदेडला हाताला प्लास्टर घालून घ्यायला गेला होता. त्याच्यासाठी थांबावं, हे कुणालाच सुचलं नाही. चिठ्ठ्या निघाल्या, बारा 'काढा' आणि बारा 'राहू द्या'. 'राहू द्या'मधली एक माझी होती. बरोबरी झाली की निर्णय दादांचा.

विलास मान खाली घालून उभा होता. दादा त्याच्याकडे बघत म्हणाले, "चुकलं त्याचं. पण ह्यानं दार राखलंय. म्या माफ केलं."

आम्ही टाळ्या वाजवल्या. किशोर परत आला, निकाल ऐकला आणि डाव्या हाताने लिहायची सवय करू लागला.

चार महिन्यांनी खुर्चीच्या जागेवरून पुन्हा भांडण झालं. विलासने लोखंडी खुर्ची फेकली. किशोरचा उजवा डोळा गेला. त्याबरोबर पोलीस भरतीही गेली.

दादांनी स्वतः ठाण्यात जाऊन विलासविरुद्ध जबाब दिला. कोर्टातही उभे राहिले. विलासला शिक्षा झाली. चित्रकथा त्यांनी दुकानाच्या माळ्यावर टाकल्या आणि रोज दुपारी दुकान बंद करून ते किशोरच्या घरी जाऊ लागले. त्याचा डोळा थकला की दादा वाचून दाखवत, चालू घडामोडी पाठ करून घेत. तीन वर्षं. किशोर लोह्याला तहसीलमध्ये कारकून झाला. त्या तीन वर्षांत दोघं अभ्यासाखेरीज काही बोलल्याचं त्याच्या आईलाही आठवत नाही.

मी एकदा न राहवून विचारलं, "दादा, किशोरची माफी का मागत न्हाई तुम्ही?"

"मागितली तर देईल रे तो," दादा म्हणाले. "लई चांगलं पोरगं हाय. मनात नसलं तरी देईल. त्याच्यावर आनखी एक वझं कशाला?"

मला तेव्हा हे उत्तर फार मोठ्या मनाचं वाटलं होतं.

गेल्या वर्षी लकवा मारून दादा गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी शिकवतो त्या चाकूरच्या शाळेतून रजा काढून आलो. किशोर मांडवाच्या कडेला बसला होता. माझ्या चिठ्ठीबद्दल त्याला सांगायचं होतं, पण धीर झाला नाही. त्याऐवजी मी दादांचं ते बोलणं त्याला सांगितलं. वाटलं, त्याला बरं वाटेल.

त्याने समोरच्या दादांच्या फोटोकडे पाहिलं.

"हे बी त्यांनीच ठरवलं म्हणायचं," तो म्हणाला. "विचारायला पाहिजे होतं, गुरुजी. म्या न्हाई म्हणलो असतो."

मग उठला, फोटोसमोर मेणबत्ती लावली, हात जोडले आणि लोह्याची गाडी पकडायला निघून गेला.