कोळशाच्या आडनावाचे बाबा

कोळशाच्या भट्टीवरची माती माझ्या पायाखाली खचली आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत निखाऱ्यात गेला. मला पाचवा महिना होता. आमचे मुकादम, बाबा, झाडाखाली जेवत होते. ते ताट टाकून धावत आले, वर चढले, त्यांनी काखेत हात घालून मला उचललं आणि खाली फेकलं. मग माझ्या जागी तेच कमरेपर्यंत आत गेले. माझ्या नवऱ्याने आणि आणखी दोघांनी त्यांना ओढून काढलं.

चूक माझी होती. "शिडी आडवी टाकल्याबिगर भट्टीवर पाय ठेवायचा नाई," हे बाबा रोज सांगायचे. माती वरून घट्ट दिसते, आतलं लाकूड जळून पोकळी झालेली असते. त्या दिवशी एका अंगाने निळा धूर निघत होता. पांढरा धूर म्हणजे लाकूड ओलं, निळा म्हणजे कोळसा झाला. धुराचं भोक मातीने लगेच बुजवलं नाही तर हवा लागून सगळी राख. मी मातीचं टोपलं उचललं आणि शिडी आणायचा कंटाळा केला.

आम्ही नवराबायको पोंभुर्ण्याकडून मुलचेऱ्याच्या जंगलात कामाला गेलो होतो. तिथल्या सगळ्या भट्ट्या बाबांच्या हाताखाली. रंगाने आमच्यासारखेच काळे, डोळे मात्र मांजराचे. त्यांचं आडनाव शार्बोनिए. ते कोणालाच नीट म्हणता यायचं नाही, म्हणून सगळे नुसते बाबा म्हणायचे. बाबांना त्याचं काही वाटत नसे. आडनावाची हकीकत मात्र ते नवी भट्टी पेटवताना दर वेळी सांगायचे, कोणी ऐको न ऐको.

ती अशी. फ्रान्स देशात जंगलाकाठी एक गाव होतं. तिथे एकाच नावाची तीन माणसं. पाद्र्याने वहीत लिहिताना एकाला पुलाजवळचा केलं, एकाला चक्कीवाला, आणि तिसऱ्याला शार्बोनिए, म्हणजे कोळसा पाडणारा. त्या तिसऱ्याच्या वंशातला एक जण तोफखान्यात भरती होऊन जहाजाने पाँडिचेरीला उतरला. त्याचा मुलगा निजामाच्या चाकरीत हैदराबादेला गेला. ती फौज मोडली, तशी नातवंडं गोदावरीच्या काठाने सिरोंच्याला आली. तिथे तेलुगू बायका केल्या. बाबांचे वडील नदीवर डोंगा चालवायचे. म्हणजे कोळशाला कोणी हात लावून कित्येक पिढ्या झाल्या होत्या.

मी एकदा म्हटलं, "बाबा, तुमचा बाप नावाडी होता. मंग हे कोळशाचं नाव काऊन वागवता?"

"बाई, डोंगा फुटला का मानूस नावाडी राहत नाई. नाव राहते. म्हनून मी फिरून भट्टीवर आलो."

"नावासाठी आगीत कोन जाते?"

"मी," म्हणाले आणि हसले.

त्यांना एकच काळजी होती. मागे ना बायको ना पोर. मेल्यावर पुरणार कुठे? भट्ट्यांजवळच्या गावच्या मसणवटीत, ज्याच्या कुळाचे जितके देव, त्यावरून ज्याची त्याची जागा ठरलेली. चार देववाल्यांची एकीकडे, पाच देववाल्यांची दुसरीकडे, सहा-सातवाल्यांची पलीकडे. ज्याचे देव माहीत नाहीत त्याला जागा नाही. बाबा भूमियाकडे, म्हणजे गावच्या म्हाताऱ्या प्रमुखाकडे, जागा मागायचे आणि तो दर वेळी विचारायचा, "तुये देव किती, ते सांग पयले."

"एकच."

"एक देववाला इथी कोनी नाई. एकटाच झोपशील का?" मग दोघे तंबाखू चोळत बसायचे.

भाजल्यावर बाबांना झोपडीत केळीच्या पानावर निजवलं. दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर होता आणि बैलगाडीचे धक्के त्यांना सोसले नसते. दुसऱ्या दिवशी भूमिया आला. या वेळी थट्टा नव्हती.

"देव ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तुये लोक कुठून कुठी आले ते सांग. वाट सांगशील तर मी मुक्काम मोजतो."

बाबांनी सुरुवात केली. "फ्रान्स... जंगलाकाठचं गाव." भूमियाने जमिनीवर एक खडा ठेवला. पाँडिचेरीला बाबांचा श्वास तुटला. मी शेजारच्या खाटेवर पाय बांधून पडले होते. हकीकत मला पाठ होती. पुढची मी सांगितली. निजामाची चाकरी, हैदराबाद, सिरोंचा. भूमिया दर मुक्कामाला एक खडा ठेवत गेला.

"चार झाले," मी म्हणाले.

"आन हे गाव कोन मोजंल?" असं म्हणून त्याने पाचवा खडा ठेवला. "पाच मुक्काम, तर पाच देव. पाच देववाला. जागा हाय."

बाबांनी मान हलवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "शिडी टाकत जा, बाई."

तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. पाच देववाल्यांत त्यांना पुरलं आणि वर दगड उभा केला. त्यावर काही लिहिलेलं नाही, तिथे लिहीत नाहीत. पुढे मी अठरा वर्षं भट्टीवर काम केलं आणि शिडीशिवाय चढले नाही.

माझा पाय वाकडा राहिला. पोरगी दिवस भरून झाली. त्या भट्टीतून आम्ही दोघी वाचलो.