संकेतस्थळाचे सुतक

माझ्या हातून एका सज्जन गृहस्थाचे घर चार दिवस इंटरनेटवरून नाहीसे झाले, आणि त्या चारही दिवसांत मी शास्त्राप्रमाणेच वागत होतो.

आमची सूनबाई मुग्धा बोर्ली पंचतनला घरी बसून लोकांची संकेतस्थळे घडवते. कुणी पर्यटकांना खोल्या देतो, कुणी सुपारी विकतो, कुणी होडीतून फिरवून आणतो. हे सगळे तिचे यजमान. (ती त्यांना क्लायंट म्हणते.) संकेतस्थळ एकदा उभारले की काम संपले, असा माझा समज होता. तसे नसते! त्याचे नाव दर वर्षी नव्याने आपल्याकडे राखावे लागते, ते ज्या संगणकावर ठेवलेले असते तेथील जागेचे भाडे भरावे लागते, आणि या दोहोंचे बिल यजमानांस पाठवावे लागते.

"अण्णा, तुम्ही रोज पंचांग बघताच," मुग्धा एकदा म्हणाली, "तर एवढ्या तारखाही बघाल का? मुदत संपायच्या आत पैसे भरायचे, बस."

आयुष्यभर संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या माणसास कुणी काम सांगितले, तर तो ते जरुरीपेक्षा फार अधिक मनावर घेतो. मी सर्व तारखा पंचांगाच्या समासात उतरवल्या. नूतनीकरणाच्या दिवशी स्नान, देवपूजा, मग लॅपटॉप पूर्वाभिमुख ठेवून त्यास एक फूल, आणि पळीभर पाणी सोडून यथासांग संकल्प. (पाणी ताम्हनात. लॅपटॉपवर एकदाच सांडले.) त्यानंतरच बटण दाबायचे! बिलाच्या शिरोभागी 'श्री' आणि तळाशी 'आपले नाव चिरंजीव होवो' असे मी लिहीत असे. ते बिल वाचून एक वृद्ध बागायतदार मुंजीचे निमंत्रण समजून नारळ घेऊन आमच्याकडे जेवायलाच आले होते. तरी वर्षभरात एकही तारीख चुकली नाही, म्हणून मुग्धा काही बोलली नाही.

या आश्विनात ती आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी तळा गावी माहेरी गेली. जाताना म्हणाली, "मंगळवारी पाच नावांची मुदत आहे, अण्णा. दिवाळीच्या बुकिंगचे दिवस आहेत. तेवढं सांभाळा."

"निश्चिंत जा," मी म्हणालो.

सोमवारी नागपूरहून वार्ता आली. आमच्या घराण्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ निवर्तले. मी त्यांना कधी पाहिले नव्हते. पण नाते नात्याच्या जागी असते. मी बोटांवर पिढ्या मोजल्या. सात भरल्या. म्हणजे पूर्ण दहा दिवसांचे सुतक! पूजा नाही, संकल्प नाही. आणि संकल्प नाही, तर नूतनीकरण तरी कसे करणार?

शास्त्रात तोड असते. सुतकात घरच्या देवांची पूजा अन्य गोत्राच्या माणसाकडून करवून घेतात. आमच्याकडे शेजारचे नारळ-बागायतदार बापू येतात. मंगळवारी देव झाले, तशी मी अंगणातूनच म्हणालो, "बापू, देवांबरोबर तेवढी पाच संकेतस्थळेही करून टाकाल का?"

"टाकतो की! काय नैवेद्य लागतो?"

मी खिडकीबाहेर उभा राहून विधी सांगितला. पैसे भरताना येणारे सांकेतिक अंक माझ्या मोबाइलवर येत. (मोबाइलला सुतक नाही, असा निर्णय मी आदल्याच दिवशी दिला होता, मुलाचे उरणहून फोन येतात.) मी अंक मोठ्याने वाचायचे, बापूंनी आत दाबायचे. असे चार वेळा झाले. पाच नावांसाठी पाच वेळा व्हावयास हवे होते, हे ज्याला लहान मुलांची गणिते येतात अशा कोणाच्याही ध्यानात आले असते. मी मात्र त्या वेळी सुतकाचे उरलेले दिवस मोजत होतो.

"झाले का, बापू?"

"झालं, अण्णा. अगदी फुलंसुद्धा वाहिली."

शनिवारी सकाळी अनंत आला. समुद्राकडच्या वाटेवर त्याचे चार खोल्यांचे घर आहे. त्याचा अवघा हंगाम मुग्धाने घडवलेल्या संकेतस्थळावर चालतो. सुतकाचे घर म्हणून तो पायरी चढेना, आणि मला त्याला साधे पाणीही विचारता येईना. तो अंगणातूनच गरजला, "अण्णा, माजं घर कुटं हाय?"

"जेथे होते तेथेच असेल, अनंता."

"तिथं हाय! मोबायलात न्हाय! नाव टाकलं का परदेशी मलमाची जायरात येतंय! डोंबिवलीची चौदा मान्सं दिवाळीला येनार व्हती. इच्यारतायत, घर इकलात का? संध्याकाळपर्यंत दिसलं न्हाय, तर दुसरीकडं आगाऊ भरतील!" त्याने खिशातून माझेच बिल काढले. "पैसं आधी घेतलंत आनि हितं लिवलंय, 'चिरंजीव होवो'. ह्या कागदाची शाई तरी सुकू द्यायची व्हती!"

मी कुंपणाकडे धावलो. (धावलो म्हणजे माझ्या वयाला शोभेल इतक्या त्वरेने चाललो.) "बापू! अनंताचे नाव राहिले का?"

"राहिलं नाही, ठेवलं," बापू शांतपणे म्हणाले. "माझा माड त्याच्या कुंपणावर वाकलाय. दोन वर्षं माझे नारळ तो उचलतो. त्याच्या घरावर मी फूल वाहू?"

"माज्या कौलांवर पडतात, ते न्हाय सांगत!" अनंत अंगणातून ओरडला.

"पण आपण तर 'झालं' म्हणालात!"

"माझ्याकडून जेवढं व्हायचं तेवढं झालं, अण्णा. खोटं मी बोलत नाही."

या दोघांत दोन वर्षे अबोला आहे, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. आठवले नव्हते. गोत्र भिन्न आहे एवढेच मी पाहिले होते! आता बापू माफीवाचून बटण दाबीनात, अनंत माफी मागेना, आणि मी सुतकी. शेवटी मुग्धाला फोन लावला.

"अण्णा, मग तुम्हीच भरा ना आत्ता," ती म्हणाली.

"मला सुतक आहे."

मग तिने विचारले, "कितव्या पिढीचं?"

"सातव्या."

"थांबा हं." आमच्या घराण्याची वंशावळ तिनेच मागे एका संकेतस्थळावर चढवली आहे. ती तेथे नावे मोजू लागली. "पाच... सहा... सात... आणि हे आठवे. अण्णा, तुम्ही तुमच्या पणजोबांना मोजलंच नाहीत."

सातव्या पिढीपलीकडे सुतक तीन दिवसांचे. म्हणजे बुधवारीच संपले! अवघी पंचक्रोशी सोयर-सुतकाचा निर्णय माझ्याकडून घेते, आणि मी तीन दिवस शुद्ध असून अंगणात उभा होतो.

"म्हणजे मी तीन दिवस फुकट पूजा केली?" कुंपणापलीकडून बापू म्हणाले.

मी घाईने स्नान केले आणि लॅपटॉपपुढे बसलो. हात सवयीने फुलाकडे गेला.

"अण्णा, आधी बटण!" मुग्धा फोनवरून ओरडली. "फूल मागाहून!"

नाव अजून दुसऱ्या कुणाच्या हाती गेले नव्हते. दुपारी तीनच्या सुमारास अनंताचे घर मोबाइलवर पुन्हा उगवले, आणि पाचच्या आत डोंबिवलीकरांनी आगाऊ रक्कम भरली. अनंत पायरी चढून आत आला, दोन पेले पाणी प्याला, आणि आनंदाच्या भरात कुंपणापाशी जाऊन म्हणाला, "बापूनू, तुमचं नारळ आनून देतो. पन तो माड सरळ करा!"

"माड सरळ होतो होय रे?" बापू म्हणाले, पण दोन वर्षांनी बोलले!

आता सर्व नावांचे पैसे वेळ झाली की आपोआप भरले जातात, आणि मुग्धाच्या करारपत्रात एक कलम वाढले आहे: 'आमच्या घरातील सोयर-सुतकामुळे सेवेत खंड पडणार नाही.' ते शुद्ध मराठीत लिहून द्यावे, असे तिने मलाच सांगितले होते. परंतु मी लेखनारंभासाठी चांगला दिवस पाहत बसलो आहे हे दिसताच, तिने ते उभ्या उभ्या स्वतःच लिहून टाकले.