नळीला भोक पडलं त्या शनिवारी

तलासरीच्या पुढे, हायवेलगतच्या आमच्या वसाहतीत कचऱ्याची गाडी येत नाही. इमारतीखालच्या झडपेत पिशवी टाकायची, की फाटकाजवळच्या शेडमधले पंखे तिला जमिनीखालच्या लोखंडी नळीतून सुसाट ओढून घेतात. सरावलीहून रोज स्कूटरने येऊन ही यंत्रणा सांभाळतो तो मी. पाहुण्यांना ती दाखवताना माझी छाती अजूनही फुगते.

त्या सकाळी पंखे नुसते बोंबलत होते, ओढ नव्हतीच. ओढ दाखवणाऱ्या गेजचा काटा अर्ध्यावर येऊन बसला तो हलेना. म्हणजे नळीला भोक पडलं होतं आणि पंखे कचऱ्याऐवजी तिथूनच हवा ओढत होते. पण कुठून? मॅनेजर फोनवर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत सापडलं नाही तर उद्यापासून कचऱ्याला ट्रॅक्टर लावतो." ट्रॅक्टर आला की माझी नोकरी गेली, आणि पूर्वीसारखं मुंबईला जाऊन पुन्हा भाड्याची खोली शोधणं आलं.

मी जाम तापलो. "लोक फरशा टाकतात, काचा टाकतात, फलक वाचायला डोळे नाहीत!" असं भेटेल त्याला ऐकवत सुटलो. शनिवार होता, म्हणून आधी नेहमीसारखा नळीच्या सुरुवातीच्या झडपेपुढे नारळ ठेवला, तेल-शेंदराचा टिळा लावला, फोडला, खोबरं वाटलं. मग जमिनीला कान लावत निघालो. कानात मुंग्या तेवढ्या गेल्या.

वसाहत झाडणाऱ्या, उधवा गावच्या मावशी माझी ही कसरत बघत होत्या. म्हणाल्या, "दादा, मशीन चालू झाली ना, की त्या वळणावरचा पाला माझ्या झाडूला दाद देत नाय. जमिनीला चिकटून बसतो. आठ दिवस झाले."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कधी?"

रस्त्याबरोबर खालची नळीही वळते त्या वळणावर मी धावत गेलो, पूजेतली अगरबत्ती पाल्यात खोचली आणि पंखे लावायला सांगितलं. वर जाणारा धूर वाकला आणि सरळ मातीत शिरला! मी अक्षरशः उड्या मारल्या. या वयात, भर रस्त्यात. आनंदाने डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

पंखे बंद करून कमरेएवढं खणलं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पत्रा झिजून पापडासारखा झाला होता आणि मधोमध तळहाताएवढं भोक. फाटक्या काठाला काहीतरी अडकलं होतं. उपसलं तर करवंटी. मागे दुसरी, तिसरी. तिन्हींवर शेंदराचा टिळा.

देवाचा नारळ, उकिरड्यावर कशाला टाकायचा, म्हणून करवंट्या मी त्याच झडपेत सोडत असे. यंत्रणा सुरू झाल्यापासून दर शनिवारी. वेगात आलेली प्रत्येक करवंटी याच वळणावर आदळली होती. मावशींनी टिळा पाहिला आणि तोंडाला पदर लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मॅनेजर आले तेव्हा ठिगळ वेल्ड झालं होतं, काटा पूर्ण चढला होता. करवंट्या बघून ते कडाडले, "कोण टाकतं हे?" मावशी माझ्याकडे बघत होत्या. लोकांवर ढकलणं सोपं होतं, सकाळपासून तेच करत होतो.

"मीच," मी म्हणालो.

मॅनेजरांनी शेडवरचा फलक मोठ्याने वाचला. तो मीच रंगवून घेतला होता. पहिलीच ओळ: नारळाच्या करवंट्या टाकू नयेत. मग त्यांनी पूर्ण चढलेल्या काट्याकडे पाहिलं आणि ट्रॅक्टरवाल्याला नको म्हणून फोन केला.

आता दर शनिवारी मी नारळ उचलायच्या आत मावशी करवंट्यांसाठी पिशवी उघडून समोर उभ्या असतात.